मागच्या खोलीतली ओल

इंग्लंडमधल्या मेडनहेडचं जे घर आम्ही घेत होतो, ते विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे होते. त्यांच्या बायकोला पक्षाघात झालेला. वृद्धांच्या केअर होममध्ये दोघांची एकत्र खोली महिनाभरात मिळणार होती, म्हणून ते घर विकत होते.

बँकेच्या सर्व्हेअरचा रिपोर्ट आला आणि सगळं अडकलं. मागच्या खोलीच्या भिंतीत ओल, खालची लाकडी जमीन कुजलेली. दुरुस्ती झाल्याशिवाय बँक कर्ज देणार नव्हती. आम्ही भाड्याच्या घराची नोटीस देऊन बसलो होतो, आणि बायकोला आठवा महिना लागला होता.

आजोबा कामगारांना घरात घेईनात. शेवटी एका शनिवारी मीच गेलो. ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. आजी तिथेच झोपल्या होत्या, ओल्या भिंतीला लागून. आम्ही घर पाहायला आलो होतो तेव्हा ते दार बंद होतं.

"किती दिवसांचं काम?" त्यांनी विचारलं.

"दहा-बारा. प्लास्टर उकरायचं, फळ्या काढायच्या. धूळ खूप होईल."

"वरच्या मजल्यावर तिला नेता येत नाही. कुठेतरी एकटीला ठेवावं लागेल. ती फक्त माझ्या हातून खाते."

आम्ही थांबतो, तुमची खोली मिळू दे, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी बोललो नाही. म्हणालो, "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

त्यांनी होकाराची मान हलवली.

पुढच्या आठवड्यात आजींना एका नर्सिंग होममध्ये हलवलं. आजोबा रोज दोन बस बदलून त्यांना भरवायला जात. काम नीट झालं, सर्व्हेअर पुन्हा येऊन गेला, बँकेने होकार कळवला. त्याच आठवड्यात आजी नर्सिंग होममध्येच न्यूमोनियाने गेल्या.

किल्ल्या द्यायला आजोबा स्वतः थांबले होते. बॉयलर कसा लावायचा, कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, सगळं सावकाश सांगितलं. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, इथे असती तरी झालं असतं."

ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, मला कळलं नाही. बायकोला मी एवढंच सांगितलं की आजी गेल्या. त्या शनिवारी मी काय बोललो आणि काय बोललो नाही, ते तिला सांगायला मला दोन वर्षं लागली.