नकाशा झाला की सुट्टी

आमच्या ह्यांचं तोंड मी घरी बघते आणि पाय हॉस्पिटलमध्ये. मी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, आणि हे त्याच हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात. शिडीवर उभे, डोकं छतातल्या भोकात, खाली नुसते दोन पाय. ‘काकांचे पाय दिसले, म्हणजे आज नेट येणार,’ असं माझ्या हाताखालच्या पोरी म्हणतात. सव्वीस वर्षं हे चाललंय. अख्खं हॉस्पिटल ह्यांना नेटवर्कवाले काका म्हणतं.

सुरुवातीला दोन खोल्यांत मिळून बारा कॉम्प्युटर होते, तेव्हा ठीक होतं. आता नऊशे यंत्रं आहेत, आणि कुठली वायर कुठून निघून कुठे शिरते ते फक्त ह्यांच्या डोक्यात. ‘अहो, लिहून ठेवा की कुठेतरी,’ हे मी किती वेळा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणे लिहायला वेळ नाही, आणि लिहिलं तरी उद्या बदलतं. परिणाम काय, तर दोन दिवसांच्या वर रजा नाही. मुलीच्या लग्नात फोटो काढायच्या वेळी हे हॉलच्या मागच्या जिन्यात उभे राहून फोनवर कोणाला तरी समजावत होते, ‘निळी नाही, पिवळी. निळीला हात लावू नका.’ त्या फोटोत मुलीच्या शेजारी माझे थोरले दीर उभे आहेत. बघणाऱ्याला तेच वडील वाटतात.

आता मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं. रक्तदाब वाढलेला, म्हणून डॉक्टरांनी अठरा तारीख ठरवून ऑपरेशनच करायचं म्हटलं. ती राहते दिवसभराच्या प्रवासावर, आणि तिला हलायला मनाई. तिचा फोन आला तो ह्यांच्यासाठी. ‘आई येणारच आहे. बाबा, तुम्ही या. दोन दिवस नाही, चांगले पंधरा दिवस या.’ हे म्हणाले, ‘बघतो.’ आता ह्यांचं ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे तिला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तिने फोन ठेवला. मला इतका राग आला की मी ह्यांच्याशी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही, आणि ह्यांना ते जाणवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मीच ह्यांच्या साहेबांकडे गेले. साहेब नवीन, ह्यांच्या निम्म्या वयाचे, पण बोलायला सरळ. ‘सिस्टर, मलाही काकांना सोडायचंय,’ ते म्हणाले. ‘पण ते गेले आणि काही बंद पडलं तर मी बघू कुठे? एक सॉफ्टवेअर घेतलंय, ते सगळ्या नेटवर्कचा नकाशा आपोआप काढतं. नकाशा झाला की सुट्टी. पंधरा दिवस. हवं तर लिहून देतो.’ तो दिवस एक तारखेचा होता. सॉफ्टवेअरला म्हणे एक तास लागतो. मी संध्याकाळी दोघांची सोळा तारखेची तिकिटं काढून मोकळी झाले.

पहिला नकाशा ह्यांनी मला कॅन्टीनमध्ये दाखवला. कागदाच्या मध्यभागी एक ढग, आणि भोवती बटणांचा डबा सांडावा तसे ठिपके. एकमेकांना जोडणारी एक रेघ नाही. मोजले तर दोनशे बारा, आणि त्यातला एक कॅन्टीनचा टीव्ही.

‘हे काय?’ मी म्हटलं.

‘बोलत नाहीयेत,’ हे म्हणाले.

बोलत नव्हते ते स्विच. भिंतीवरचं बटण नव्हे. ही लोखंडी पेटी असते, अठ्ठेचाळीस भोकांची, प्रत्येक भोकातून एकेका यंत्राकडे वायर जाते. अशा चौसष्ट पेट्या. सॉफ्टवेअर दारोदार हिंडून प्रत्येकाला विचारतं, आहेस का, आणि तुझ्या शेजारी कोण? जो उत्तर देईल तो नकाशात येतो. ज्याच्या शेजाऱ्याचं नाव कळेल त्याची रेघ येते.

‘मग ह्यांना बोलायला काय झालं?’

ह्यांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. ‘मीच गप्प केलंय त्यांना.’

मग आठवलं. आठ वर्षांपूर्वी तपासणीला माणसं आली होती. त्यांनी शेरा मारला की कोणाही परक्याने विचारलं तर हे नेटवर्क आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं सांगत सुटतं, हे धोक्याचं आहे. झालं. ह्यांनी तीन महिन्यांचे रविवार घालवून एकेकाचं तोंड बंद केलं, आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन घरी आले. आता सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर सांगत होता, आमचं काही चुकलेलं नाही, तुमचंच नेटवर्क उत्तर देत नाही. बरोबरच होतं त्याचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग सुरू झालं पुन्हा एकेकाचं तोंड उघडणं. पेट्यांना अकरा वेगवेगळे पासवर्ड, ते सगळे ह्यांना पाठ. पण पाठ असून उपयोग काय, एक पेटीच सापडेना. शेवटी एक्स-रेच्या खोलीत वायर हातात धरून हे भिंतीपर्यंत गेले आणि वायर भिंतीत गेली. सहा वर्षांपूर्वी ठेकेदाराने चक्क तिच्या तोंडावर भिंत बांधून रंग दिला होता, आणि ती बिचारी आत मुकाट काम करत होती. ती भिंत फोडायची परवानगी मिळायला चार दिवस गेले. बांधकाम विभागाचं म्हणणं, आमच्या कागदावर तिथे पेटी नाही. ह्यांचं म्हणणं, मला वायरच्या भोकातून लुकलुकताना दिसतेय. मी रोज संध्याकाळी विचारायची, ‘किती झालं?’ आणि हे बूट काढता काढता आकडा सांगायचे. साठ टक्के. एकसष्ट टक्के. माझ्या नाकी नऊ आले.

बारा तारखेला रेघा आल्या. पण रेघांबरोबर एकतीस प्रश्नचिन्हं आली.

ती पण ह्यांचीच करणी. कुठल्याही वॉर्डात एक कॉम्प्युटर वाढला की बाई नाहीतर बुवा ह्यांना गाठणार, ‘काका, एक पॉइंट द्या ना.’ रीतसर मागायचं तर खरेदीला सहा महिने. म्हणून हे पाच भोकांचा एक प्लॅस्टिकचा डबा आणून लावून द्यायचे, एका वायरच्या चार करायला. तात्पुरता. आमच्या हॉस्पिटलात तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत. नाही म्हणायला ह्या माणसाला जीभच नाही. म्हणजे बाहेरच्यांना. घरच्यांना आहे. आता हे डबे असे स्वस्त की त्यांना बोलताच येत नाही. सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की एका भोकात चार यंत्रं मावणार नाहीत, तेव्हा मध्ये काहीतरी असलं पाहिजे. म्हणून ते तिथे गोल काढून प्रश्नचिन्ह ठेवतं. पुढचं माणसाने हाताने लिहायचं: डबा कुठे आहे, कुठल्या प्लगवर आहे.

ते लिहायला ह्यांच्या जोडीला त्यांच्याच विभागातल्या मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या आणि काम नीटनेटकं करणाऱ्या. तीन दिवस दोघं मजले पालथे घालत होते. पंधरा तारखेला दुपारी साहेबांनी नकाशा बघितला, आणि रजेच्या अर्जावर सही केली. मी खरं सांगते, माझा विश्वासच बसेना. प्रत्येक वॉर्डच्या टेबलाजवळ त्या त्या वॉर्डचा नकाशा छापून लावायचा असं ठरलं होतं. आमचाही आला.

मी चष्मा लावून बघितला. आमच्या वॉर्डात चार कॉम्प्युटर. चारही रेघा सरळ बाहेरच्या पॅसेजमधल्या पेटीत गेलेल्या. मध्ये काही नाही.

आता माझ्या औषधांच्या कपाटामागे एक डबा आहे. मला माहीत आहे, कारण सात वर्षांपूर्वी हे तो लावत होते तेव्हा बॅटरी मी धरली होती. त्याचा प्लग ढिला आहे. कपाटाला धक्का लागला की तो सुटतो, आणि रक्ताचे रिपोर्ट स्क्रीनवर यायचे थांबतात. महिन्यातून दोन-तीनदा तरी होतं. मग मी फोन करते, हे येतात, कपाटामागे हात घालतात, आणि अर्ध्या मिनिटात चालू. अकरा पासवर्ड पाठ असलेला माणूस हा डबा विसरला?

मी मॅडमकडे गेले. त्यांनी स्क्रीनवर बघून सांगितलं, ‘इथे प्रश्नचिन्ह होतं, सिस्टर. काकांनी स्वतः पुसलं. म्हणाले, इथे काही नाही.’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकतीस डब्यांतून ह्यांनी नेमका तो लपवला होता, जो पंधरा दिवसांत सुटणार म्हणजे सुटणार. आणि सुटला की सगळे नकाशा बघणार, नकाशात काही सापडणार नाही, मग फोन कोणाला? माझ्या वॉर्डात पोट शिवलेल्या बायका झोपलेल्या असतात. त्यांचे रिपोर्ट अडले तरी चालतील, पण ह्यांना फोन आला पाहिजे. असा संताप आला मला. जाब विचारायला मी दोन जिने उतरलेसुद्धा.

तिथेच थांबले. तिकिटं उद्याची. मी तोंड उघडलं असतं तर हे रुसून बसले असते, ‘मग मी येतच नाही’ म्हणाले असते, आणि ह्यांना हवं तेच झालं असतं. मी परत वर गेले. ‘लिहून घ्या,’ मॅडमना म्हटलं. ‘औषधांच्या कपाटामागे, डाव्या बाजूचा प्लग.’ त्यांनी लिहिलं. ‘काकांना सांगू?’

‘नको,’ मी म्हटलं.

अठराला नात झाली. मुलगी सुखरूप. चौथ्या दिवशी तिच्या घरी आलो. हे बाळाला घ्यायचे, पण एका हाताने. दुसऱ्या हातात फोन. आवाज वाढवून ठेवलेला. मग खिडकीजवळची खुर्ची पकडली, का तर तिथे रेंज चांगली. जेवायला हाक मारली तर फोन ताटाशेजारी. मुलगी दोन-तीन दिवस बघत राहिली आणि मग मला हळूच म्हणाली, ‘आई, बाबा आलेत ना? मग आहेत कुठे?’ एवढी खटपट करून माणूस आणला, आणि आणला कोण तर फोन राखणारा.

नवव्या दिवशी सकाळी मला मॅडमचा निरोप आला. ‘तुमच्या कपाटामागचा प्लग सुटला होता. नकाशात बघून बसवला. दोन मिनिटं लागली. काकांना म्हणावं, आराम करा.’

मी तो वाचत होते तेवढ्यात खिडकीजवळून हे म्हणाले, ‘तुझ्या फोनवरून मला एकदा लाव बघू.’

‘का?’

‘लाव तर.’

मी लावला. फोन वाजला, चांगला खणखणीत. बाळ दचकून रडायला लागलं. मुलीने डोळे मिटून घेतले. ह्यांनी स्क्रीनवर माझं नाव बघितलं आणि बंद केला. ‘चालू आहे,’ असं स्वतःशीच म्हणाले.

इतके दिवस धरून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं. ‘फोन चालू आहे. आणि तिकडेही सगळं चालू आहे.’

‘सगळं?’

‘कपाटामागचं पण.’

‘तुला माहीत होतं?’

‘कपाट माझं आहे,’ मी म्हटलं.

‘कोणी बसवला?’

‘मॅडमनी. दोन मिनिटांत.’

ह्यांनी फोन एकदा उलटसुलट केला. ‘मला अर्धं लागलं असतं,’ असं म्हणाले, आणि आमच्या दोघींच्या देखत रडायला लागले. मुलीने ह्यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि रडणारं बाळ मांडीवर ठेवलं. ह्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली, कारण माझा राग अजून गेला नव्हता, आणि आता तो काढायचा कोणावर ते मला कळेना.