ओब्दुलियाचे इंग्रजी टाके

ओब्दुलियानं पंचवीस वर्षांत निम्म्या गावाला टाके घातले होते. अल्मेरियाच्या समुद्रकिनाऱ्यावरची कोळी माणसं ती. गळ नि सुऱ्यांशी रोजचीच झटापट. तळहात फाटला की दवाखान्यात जाऊन तिलाच हाका मारायची. पण वरच्या टेकडीवर इंग्रज पेन्शनर येऊन राहिले नि आरोग्य खात्याचं फर्मान निघालं, ज्या नर्सला जखमेचं इंग्रजी येत नाही तिची बदली डोंगरात! आता ओब्दुलियाच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप, म्हातारा सिक्स्तो. नवऱ्याची, लिबोरियोची, होडी पहाटेच सुटायची. ती डोंगरात गेली तर म्हाताऱ्याचं करणार कोण?

मग काय, स्वयंपाकघरात शाळा भरली. टेबलावर डुकराचा पाय ठेवायचा, त्याला चीर द्यायची, टाके घालायचे आणि घोकायचं, "नीडल होल्डर... एजेस... नॉट..." म्हणजे सुईचा चिमटा, जखमेच्या कडा, गाठ. लिबोरियो पेशंट.

"अगं आटप की! चणे शिजत आले. तो पाय पातेल्यात टाक."

"तू पेशंट आहेस ना? मग कण्ह."

"भुकेनं कण्हतोच आहे!"

आतून सिक्स्तो ओरडायचा, "दोरे नीट काढ गं बाई! परवा एक माझ्या दातात अडकला."

शब्द अगदी चोख पाठ झाले. शहरात इंग्रजीच्या परीक्षेला बसली, तर समोर परीक्षक म्हणून इंग्रज बाई. दंडावर लाल रंगानं जखम काढलेली, स्वतःच पेशंट झालेली. ओब्दुलियानं भूल सांगितली, धनुर्वाताचं विचारलं, टाके किती नि दोरा कुठला तेही सांगितलं. कुठं अडखळली नाही. मग तिनं सुई उचलली नि बाई खोटंखोटं दचकली.

ओब्दुलियाचा हात आपसूक तिच्या खांद्यावर गेला. गावात जे सगळ्यांना म्हणायची, तेच इंग्रजीत म्हणाली, "काही नाही, माझ्या काळजा, काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही, तर टाके कशाला?" बाईनं विचारलं. मग समजावलंही, "थोडं दुखेल, असं आधी सांगा."

शब्द साधे होते, येतही होते. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर 'दुखेल' म्हणायचं? गावात असं बोलणाऱ्या नर्सला लोक कसाई म्हणाले असते. तिची जीभच उचलेना. पुन्हा हळूच म्हणाली, "काही नाही." बाईनं कागदावर रेघ ओढली.

नापास. पुढची परीक्षा वसंतात, बदली मात्र पहिल्या तारखेला.

"कुठलं गाव दिलंय?" घरी लिबोरियोनं विचारलं.

"डोंगरापलीकडचं. बसनं अडीच तास."

सिक्स्तो खाटेवरून म्हणाला, "मला घेऊन चल."

"बाबा, तिथं समुद्र नाही."

"इथून तरी मला कुठं दिसतो?"

"ऐकू तर येतो ना."

जन्मात एकही रात्र समुद्रापासून लांब न झोपलेल्या त्या माणसानं लाटांचा आवाज येणाऱ्या खिडकीकडं मान वळवली.

"बारा दिवस आहेत अजून," तो म्हणाला. "तोवर ती खिडकी लावू नकोस."