शेंदराची रेघ

वॉलमिस्त्री कोणत्याही वॉलवर, म्हणजे ट्यूबच्या व्हॉल्व्हवर, विश्वास ठेवत नसत. नव्या कोऱ्या वॉलवर तर मुळीच नाही. चाकात हवा भरून झाली की ते वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब ठेवत आणि नजर न हलवता तीसपर्यंत आकडे मोजत. बुडबुडा दिसला की आतली पिन बाहेर. मालक कितीही घाईत असो, एकोणतिसाव्या आकड्यावर कोणी चाकाला हात लावलेला त्यांना खपत नसे. "हवा चोर नही शे, भाऊ," ते आपल्या अहिराणीत म्हणत, "तिले रस्ता दिधा तवयच ती जास."

त्यांचे दुकान म्हणजे तापीच्या दक्षिण काठावर, वाळू संपून चढ सुरू होतो तिथले एक निंबाचे झाड, पाण्याची परात आणि पायपंप. आमचे गाव समोरच्या काठावर, प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला. नंदुरबारला जायचे तर कोरड्या महिन्यांत पात्रातली वाळू आणि उथळ धार ओलांडावी लागे. मोटारसायकल रुतू नये म्हणून लोक वाळूत उतरण्याआधी चाकांतली निम्मी हवा सोडत. हे सगळ्यांना येत असे. पलीकडे चढल्यावर ती पुन्हा भरायची, हे मात्र कोणाच्या लक्षात राहत नसे. कमी हवेचा टायर इंजिनाच्या ओढीने रिमवर तसूतसूने सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर जाते, वॉल रिमच्या छिद्रात अडकून राहतो आणि एके दिवशी बुडातून फाटतो. मिस्त्रींना हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आपल्याकडे येणारे बहुतेक वॉल एकाच बाजूने फाटलेले असतात, हे त्यांनी पाहिले होते आणि त्याचे कारण शोधले होते.

नवा वॉल निवडताना ते वायसराच्या रबरावर नख दाबत. वळ लगेच भरून आला तर माल जिवंत. वळ तसाच राहिला तर उन्हाने मेलेला. आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एकदा डब्यातला सर्वांत चकचकीत वॉल उचलला. मिस्त्री म्हणाले, "मिरवाले लेतस का, पाटील? मंग कानमा घाला."

मी तेव्हा विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला होते. घराण्यात कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. त्यासाठी आबांनी सगळ्या भाऊबंदांशी वाद घातला होता आणि मी नापास होण्याची वाट पाहणारे कमी नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षेआधी चार दिवस मी घरी आले, तेव्हा मिस्त्रींकडून नुकत्याच आलेल्या आमच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकावर शेंदराची एक रेघ दिसली. टायरवरून निघून ती रिमवर उतरली होती. पूजेचा शेंदूर, असा निष्कर्ष मी अर्ध्या मिनिटात काढला. तो मुसलमान मिस्त्रींनी का लावावा, हा प्रश्न मला पडला. गिऱ्हाइकाचे मन राखायला, असे उत्तरही मीच देऊन टाकले. मग रॉकेलच्या फडक्याने रेघ स्वच्छ पुसली. अंधश्रद्धेचा एक डाग कमी केल्याचे समाधान मला चांगले आठवते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आबा मला नंदुरबारला आगगाडीवर सोडायला निघाले. ती गाडी चुकली असती तर परीक्षा बुडाली असती. वाळू ओलांडून आम्ही चढ चढलो. मिस्त्री पंप घेऊन रस्त्यात आले. "पाटील, थांबा! रेघ कोठे शे?"

"आबा, चला," मी म्हणाले. "उशीर होईल."

आबांनी हवा न भरताच मोटारसायकल पुढे काढली. अर्धा मैलही झाला नसेल, तोच मागचे चाक लटपटले आणि आम्ही बाभळीत शिरलो. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. मोटारसायकल ढकलत आम्ही निंबाखाली परत आलो. मिस्त्रींनी चाक उघडले. वॉल बुडातून तुटला होता.

"शेंदूर कोनी खोडी टाका?" त्यांनी विचारले.

गप्प राहणे शक्य होते. "मी, चाचा," मी म्हणाले. "माले वाटनं, पूजाना शे."

आबा उसळले. "इतलं शिकीसन हाई अक्कल का व तुन्ही?"

"ऱ्हाऊ द्या, पाटील. सोता सांगं तिनी." मग ते माझ्याकडे वळले. "नळना जोडले लावतस तोच शेंदूर शे, बेटा. तेलमा कालवा का पानीघाई जास नही. टायरनी रेघ आनि रिमनी रेघ वायली व्हयनी का समजानं, ट्यूब सरकनी. खोडी टाकं ते काही नही. कोन्ही शे, काबरं शे, इतलं इचारतीस तं बरं व्हतं."

ट्यूबच्या जुन्या भोकावर त्यांनी ठिगळ चढवले, शेजारी नवे पाडले, आणि नटाने आवळायचा पितळी वॉल शोधू लागले. पहिला रिमच्या छिद्राला जाड. दुसऱ्याच्या वायसरावर नखाचा वळ तसाच राहिला. तिसरा बसला. हवा भरली. आबा किक मारायला पुढे झाले, तर मिस्त्रींनी थेंब ठेवून मोजायला सुरुवात केली. ते तीस आकडे मला त्या परीक्षेपेक्षा लांब वाटले. बुडबुडा आला नाही. मग त्यांनी शेंदराची डबी माझ्यापुढे धरली. "आते तू वढ."

रेघ मी ओढली. फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडीला शिट्टी मिळत होती.

पुढे नदीवर पूल झाला आणि मिस्त्री अक्कलकुव्याला मुलाकडे गेले. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांना भेटायला गेले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही काचेच्या नळ्यांत हवेचा दाब मोजतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारले, "तठे थुंकी चालस का?" त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते वारल्याचे आबांच्या पत्रातून कळले.

प्रयोगशाळेत नोकरीला लागले, त्या पहिल्या सकाळी जुन्या दाबमापकाच्या काचेवर लाल पेन्सिलीची एक वाकडी रेघ होती. उपकरण पुसण्यासाठी मी फडके उचलले होते. ते खाली ठेवून मी परिचराला हाक मारली आणि विचारले, "ही रेघ कोणाची, आणि कशासाठी?"