करंगळीएवढा साप आणि आम्ही चौघे

नागाचे किस्से चहाच्या टपरीवर सांगून संपतात. वाळ्याचे साचत जातात, कारण ते कोणी विचारतच नाही. करंगळीएवढा, गांडुळासारखा दिसणारा, जमिनीखाली राहणारा आंधळा साप. त्याचं कौतुक कोणाला? साप पकडून रानात सोडणाऱ्या आम्हा चौघा सापवाल्यांना मात्र होतं. बोदलकसा रोडवर नर्सरी चालवणारे भाऊराव काका, त्यांची मुलगी चंदा, गोंदियाचा मोबाईलवाला मुन्ना, आणि तिरोड्यात शिलाई मशीन दुरुस्त करणारा मी.

*

दवनीवाड्याहून फोन आला, न्हाणीघरात नागाचं पिल्लू आहे. आम्ही चौघेही निघालो. मुन्नाने गमबूट चढवले, हातमोजे घातले, साप उचलायचा आकडा काढला. आत मोरीच्या कडेला वाळा! मुन्ना आकडा लावतो, वाळा खालून सटकतो. शेवटी चंदाने तो ओल्या पानावर उचलून घेतला.

घरची म्हातारी दारातून सगळं बघत होती. म्हणाली, "येवढ्याशासाठी चौघं आले काय जी? मंग कोंबडीच सोडली असती."

*

तलावावर मासे धरणारा एक ढिवर हाताचं बोट दाबून धरत नर्सरीत आला. गळाला लावायला म्हणून शेणखताच्या ढिगातून गांडुळं काढत होता, तर एक गांडूळ म्हणे चावलं. चंदाने त्याचा डबा पाहिला. आत वाळा. तिने समजावलं की हा चावत नाही, शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो तो टोचतो. विष नाही, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाऊन जगतो.

ढिवर विचारात पडला. "आजवर याचे किती भाऊ गळाले लावले असतीन जी," तो हिशेब करत म्हणाला. चंदा त्याला म्हणाली, "भाऊ नाही जी, बहिणीच. या जातीत नर नसतेच."

*

यावर मुन्नाचा विश्वास बसेना. शादी के बिना पिल्लं कशी, हे तो आठवडाभर विचारत होता. चंदाने सांगितलं की मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. म्हणून तर कुंडीतल्या मातीबरोबर एक जरी परगावी गेली, तरी तिथे तिचा वंश सुरू होतो.

"यायच्यात बापच नसते," चंदा म्हणाली, "म्हणून 'काऊन चालली, कुठं चालली' असं कोणी अडवत नाही."

भाऊराव काका उठून रोपांना पाणी घालायला गेले. चंदाला आवडलेल्या रायपूरच्या मुलाची गोष्ट घरात तेव्हा नुकतीच निघाली होती. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद झालं ते झालंच, आणि आम्ही तिघे उरलो.

*

ती गेल्यानंतरची आमची अक्कल ऐका. जंगलात कामाला जाणाऱ्या एका माणसाने बाटलीत काहीतरी आणून दिलं. वाळा की गांडूळ? मुन्ना टॉर्च मारून अंगावर गांडुळासारखी वलयं शोधत होता, काका चष्मा पुसत होते. मी म्हटलं, जीभ काढली की साप. मग तिघे बाटलीसमोर बसून जिभेची वाट पाहत राहिलो. दुपार गेली.

गांडूळ होतं. ते आम्ही वाफ्यात सोडलं आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चंदा असती तर एका नजरेत सांगून पोट धरून हसली असती. त्या हसण्यावाचून नर्सरी फार सुनी वाटते.

*

यंदा गुलाबाच्या कुंडीखाली खराखुरा वाळा निघाला. काकांनी मला आणि मुन्नाला बोलावलं. वाळ्यापुरता आमच्यात एक नियम आहे, चंदानेच केलेला. चौघांनी पाहिल्याशिवाय तो सोडायचा नाही. आम्ही दोघांनीही पाहिला, राहिली चौथी. काकांनी एका रिकाम्या कुंडीत ओली माती भरली, वर वारुळाची माती टाकली आणि वाळा त्यात ठेवला. क्षणात तो खाली गेला.

मुन्ना समजला. त्याने रायपूरला व्हिडिओ कॉल लावायला मोबाईल काढला. काकांनी हात धरला. फोनमधलं पाहणं हे पाहणं नव्हे म्हणाले.

तेव्हापासून काका रोज त्या कुंडीत हाताने पाणी शिंपडतात. मुन्नाला राहवेना. परवा त्याने कुंडी उचलून खालून पाहिली. "काका, नीचे बडा छेद है," तो म्हणाला. "वो तो कब का निकल गया होगा."

काकांनी कुंडी त्याच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली.

"तो छेद मीच पाडला हाये," ते म्हणाले. "तू तिले फोन लाव. सांग, कुंडीतच हाये, पाह्याले ये म्हणून."