मोबाइलमधलं ‘सार’

मित्रांनो, आज मेडशीला जायचं होतं. वाटेत चार्जर घ्यायला शेलूबाजारात उतरलो अन् मोबाइलच्या दुकानातच रमलो.

एक मावशी गर्भार सुनेला घेऊन तिचा फोन विकायला आल्या होत्या. "याच्या रेडिएशननं पोटातल्या लेकराले अपाय होते!" सुनेचा चेहरा पडलेला. माहेरी बोलायला तिच्याकडे तेवढंच.

दुकानवाल्या ताईनं फोनवर *#07# दाबलं. "मावशी, हे पाहा सार. सरकारी नियमानं एक पॉइंट सहाच्या आत पाह्यजे. आतच हाये."

"सार? ते तं आमी भातावर घेतो!"

ताई हसली नाही. "हे इंग्रजीतलं एस-ए-आर, रेडिएशनचं माप हाये. स्पीकरवर बोलू द्या, झोपताना दूर ठेवा."

मावशींनी फोन सुनेच्या हातात दिला. "लाव तुह्या मायले. मलेही बोलाचं हाये."

न हिणवता असं समजावणारं तुमच्या गावात कोण आहे?