ठरलेल्या भावाची सतरंजी

हातगाडीवरच्या धंद्यापासून देवासमधल्या स्वतःच्या दुकानापर्यंत मी घासाघीस करतच आलो. धारच्या व्यापाऱ्यांनी मात्र मला एकदाही खरा भाव सांगितला नाही. तो राग मनात ठेवूनच मी धारच्या तुरुंगाबाहेर, कैद्यांनी विणलेल्या सतरंजीसाठी भांडत होतो.

विकणारा कैदीच होता, आणि बोलत होता चक्क मराठी, फक्त ‘भाऊ’ऐवजी माळव्यातलं ‘भिया’ म्हणत. मी नवा आकडा ओरडला की तो हसून सतरंजीची घडी पुन्हा नीट जुळवी.

“भिया, भाव साहेब ठरवतात. उठायची, जेवायची, झोपायची वेळ घंटा ठरवते. माझ्या हातात फक्त ही घडी.”

ऊन कललं तसा तो फाटकाकडे बघू लागला. शिपाई खेकसला, “चल रे! कैद्यांच्या गिनतीला उशीर झाला, तर उद्यापासून तुझी दुकानदारी बंद!”

दिवसभर रस्ता आणि माणसं दिसणारं त्याचं हे एकच काम, आणि माझ्या हट्टापायी ते जाणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याने सांगितलेला भाव मुकाट्याने दिला.

“पळ आता!”

तो पळाला. फाटकातून वळून ओरडला, “उद्या पण या भांडायला, भिया! मी इथंच आहे.”