शेजारच्या आक्का

गेला आठवडाभर हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरच्या घरी नात आणि मी एक मालिका बघतोय. मूकपटातली नटी, कंपनीच्या मालकाशी जोडलं गेलेलं तिचं नाव, वर्तमानपत्रांनी उठवलेलं काहूर. काल नात म्हणाली, "आजी, आपल्या घरात अशी कोणी असती तर काय भारी ना!" मी गॅस बंद आहे का ते उगाच बघून आले.

होती की! माझ्या आजोबांची धाकटी बहीण, आमची आक्का. तिचंही नाव असंच एका संसारी मालकाशी जोडलं गेलं. मालकाचं काही बिघडलं नाही. आक्काचं काम मात्र सुटलं आणि ती धारवाडात दोन खोल्यांत एकटी राहिली. हुबळीच्या आमच्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती, पण सणाचा डबा तेवढा जायचा. तो मी न्यायची. ती सांगायची, मूकपटातही वाक्यं खरीच बोलायची असत. आजूबाजूला इतका गोंधळ, की समोरच्याचे ओठ बघून आपलं वाक्य टाकायचं. मग आमचा खेळ चाले. मी कोपऱ्यात उभी राहून नुसते ओठ हलवायची, ती ओळखायची. एकदाही चुकली नाही.

माझ्या लग्नाला मीच हट्ट करून तिला बोलावलं. इरकल नेसून ती शेवटच्या रांगेत बसली. स्टेजवर सासूबाईंनी विचारलं, "त्या कोण गं?"

"त्या होय? शेजारच्या आक्का," मी हळूच म्हणाले.

सनई वाजत होती, मधे दोनशे माणसं होती. मान वर केली तर आक्का माझ्याकडेच बघत होती.

नंतर वर येऊन तिनं माझी ओटी भरली आणि सासूबाईंना म्हणाली, "मी शेजारची. पोरगी गुणाची आहे बघा, सांभाळून घ्या."

त्यानंतर ती चार वर्षं होती. धारवाड ते काय लांब? पण मी तोंड दाखवायला गेले नाही. भित्री होते, दुसरं काही नाही.

आज अल्बम काढला, शेवटच्या रांगेवर बोट ठेवलं आणि नातीला म्हटलं, "ही बघ, आपल्या घरातली नटी."

नात हसली. "काहीतरीच काय आजी! या तर तुमच्या शेजारच्या आक्का. आजोबांनी हाच फोटो दाखवून कधीच सांगितलंय मला."